घरात तुझ्या बाजूचं कोण?

आईचा एचआयव्ही बाळाला लागू नये म्हणून काय करावं लागतं, हे सांगायला मला पाच मिनिटं पुरतात. आईनं रोज एक गोळी घ्यायची, जन्मभर. बाळंतपण दवाखान्यातच करायचं. बाळाला जन्मल्यापासून किमान सहा आठवडे रोज पातळ औषध द्यायचं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. दीड महिना, सहा महिने, वर्ष आणि दीड वर्ष अशा चार टप्प्यांवर बाळाची तपासणी. यातलं काहीच केलं नाही तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते. सगळं नीट केलं तर तो आकडा पाचाच्याही खाली येतो. आणि यातलं काहीही विकत आणावं लागत नाही, सरकारी दवाखान्यात सगळं फुकट मिळतं.

पाच मिनिटांनंतरचा सगळा वेळ मी तिच्या घराबद्दल बोलण्यात घालवते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. कागदोपत्री माझं काम तपासणीआधीचं आणि तपासणीनंतरचं समुपदेशन. प्रत्यक्षात मी घरं समजून घेत बसते. खोल्या किती, झोपायला कोण कुठे, पैसे कुणाच्या हातात, कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला, बाळाला न्हाऊ कोण घालणार, रात्री बाळ रडलं की आधी कोण उठतं. कारण वर सांगितलेल्यातलं बाळंतपण आणि तपासण्या सोडल्या तर सगळं घरातच घडायचं असतं. दवाखान्याला ती महिन्यातून तासभर दिसते, तोही रांगेत.

(पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यातली कुणीही जशीच्या तशी एक बाई नाही. तपशील बदललेत, दोघीतिघींचं एकत्र केलंय. गाव ओळखायचा प्रयत्न करू नका.)

मी या कामात आले तेव्हा नेविरापीनच्या एका गोळीचा काळ होता. 1999 साली युगांडातल्या अभ्यासातून ही पद्धत पुढे आली होती. कळा सुरू झाल्या की आईनं 200 मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायची आणि जन्मल्यापासून 72 तासांच्या आत बाळाला त्याच औषधाचा एक डोस द्यायचा. काम संपलं. युगांडात त्यानं लागण जवळजवळ निम्म्यावर आली होती. त्याच्या आधी, 1994 साली, झिडोव्हुडिन या औषधाचा उपाय सिद्ध झाला होता. तो जास्त गुणकारी होता, पण लांबलचक आणि महाग. एका गोळीचं सगळ्यांना अप्रूप वाटलं ते म्हणूनच.

त्या गोळीचा आणखी एक गुण होता. तिला कुटुंब लागत नव्हतं. शेवटच्या महिन्यांत आम्ही ती कागदाच्या पुडीत बांधून द्यायचो. बाई ती पदराच्या गाठीत, चिल्लर ठेवायच्या बटव्यात, हळदीकुंकवाच्या डबीत सांभाळायची आणि कळा आल्या की गिळायची. घरात कुणालाही पत्ता लागायचा नाही. गुपित राखणं तिला सोयीचं होतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. सासू-सासरे, दीर-जावा या जंजाळात कोण पडेल? निम्मी बाळं वाचतात, हेही काही कमी नव्हतं.

मग औषध सुधारलं. मलावी या आफ्रिकेतल्या लहानशा, गरीब देशानं 2011 साली एक धाडसी गोष्ट केली. प्रत्येक गरोदर बाईची सीडी फोर तपासणी (रक्तातून प्रतिकारशक्ती किती उरली ते मोजणारी) करून मग उपचार ठरवायला त्यांच्याकडे पुरेशी यंत्रं नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलं, की बाधित गरोदर बाई दिसली की लगेच उपचार सुरू करायचे आणि ते जन्मभर चालू ठेवायचे. हीच पद्धत पुढे जगभर गेली, आणि आपल्याकडे 1 जानेवारी 2014 पासून देशभर लागू झाली. बाळाच्या दृष्टीनं ही फार मोठी सुधारणा होती. आईच्या दृष्टीनंही, कारण आता ती स्वतः जगणार होती, नुसती बाळापुरती वाचणार नव्हती. पण एक गोळी लपवता येते. रोजची गोळी, तीही जन्मभर, दोन खोल्यांच्या घरात कशी लपवणार?

बायकांनी प्रयत्न केले. गोळ्यांची बाटली पर्समध्ये खुळखुळते म्हणून आत कापूस कोंबला. लोहाच्या गोळ्यांच्या पाकिटात या गोळ्या भरल्या. पिठाच्या डब्यात ठेवल्या. सुरुवातीच्या काळातल्या गोळीत इफाव्हिरेन्झ असायचं. त्यानं काहींना चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची. सून रात्री बडबडते, सकाळी झोकांड्या खाते, तेव्हा हिला बाहेरचं झालंय असं ठरवून एका घरानं तिला अंगारे-धुपारे सुरू केले होते. गोळी कुणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे चक्कर गोळीची आहे हेही कुणी सांगू शकत नव्हतं. तिनं मुकाट्यानं गोळी बंद केली. धुपाऱ्याचा गुण आला असं घर म्हणालं.

त्यानंतर मी प्रत्येकीला एक प्रश्न विचारायला लागले: घरात तुझ्या बाजूचं कोण आहे? नवऱ्याला सांगितलंस का, हा वहीतला प्रश्न. तो विचारावाच लागतो. पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा हुंदका असतं किंवा गप्प बसणं असतं. बाजूचं कोण, असं विचारलं की ती विचार करू लागते. जाऊ. धाकटा भाऊ. नणंदेचा नवरा, कारण तो एसटीत कंडक्टर आहे आणि शहाणा आहे. आजेसासू. एकीनं शेजारीण सांगितली आणि पुढे त्या शेजारणीनंच सगळं निभावलं. कुटुंबाला सामील करून घ्या, असं प्रशिक्षणात सांगतात तेव्हा सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नवरा, बायको आणि मूल असं तक्त्यावरचं चित्र असतं. आमच्या भागातली घरं तशी नाहीत.

मुळात ती सापडते पहिली, हाच घोळ आहे. गरोदरपणात रक्ताची तपासणी होते म्हणून तिचा अहवाल आधी येतो. नवऱ्याला तपासायचं काही निमित्तच नसतं. मग घरात जे पहिलं कळलं तेच पहिलं घडलं, असा हिशोब लागतो: सून आली आणि आजार घेऊन आली. नवरा लग्नाआधीपासून ट्रकवर असला तरी. यावर आम्हाला सुचलेला उपाय साधा आहे. एकट्या बाधित बाईच्या नवऱ्याला बोलावलं तर ते बोलावणंच फुटतं. म्हणून तपासणीला येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला सांगायचं, की पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन ये, त्याचंही रक्त तपासायचंय, सगळ्यांचंच तपासतो. प्रत्यक्षात पुरुष येत नाहीत ते लाजेपेक्षा वेळेमुळे. ओपीडी सकाळची आणि त्याची हजेरीही सकाळची. खाडा झाला की पगार कापला जातो. मलावीत, लिलाँग्वेमध्ये, याच प्रश्नावर एक अभ्यास झाला होता. नुसतं निमंत्रणपत्र बायकोच्या हाती दिलं तर 52 टक्के जोडपी आली. पत्र देऊन शिवाय दवाखान्यातून फोन करून किंवा घरी जाऊन बोलावलं तर 74 टक्के. म्हणजे पुरुष येतच नाहीत ही आमची लाडकी तक्रार निम्मी खोटी आहे. त्यांना कुणी नीट बोलावत नाही.

एक नवरा आला होता, तो विसरता येत नाही. बायकोचा अहवाल तिच्या संमतीनं, तिच्यासमोर त्याला सांगायचा होता. तिनं रात्रभर जागून धीर गोळा केला होता. मी प्रस्तावना करत होते आणि तो खाली बघून चपलेचा अंगठा हलवत होता. तिनं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला चार वर्षं झाली." शेजारच्या जिल्ह्यातल्या एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, त्याचं नाव होतं. गोळ्यांची बाटली मोटरसायकलच्या सीटखाली. तिची पिठाच्या डब्यात. गोळी एकच, सरकारी. दोघं एकमेकांपासून तेच औषध लपवत होते. ती त्याच्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली, पण घरी जाऊन, आठवडाभर. माहेरी निघून गेली, परत आली. पुढे दोघांच्या बाटल्या एका फळीवर आल्या. माफ केलं का, ते मी विचारलं नाही.

कायद्याबद्दल दोन वाक्यं, कारण गावात त्याचा पत्ता कुणालाच नसतो. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार कुणाचाही अहवाल त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. जोडीदाराला धोका असेल तर ठरावीक अटी पाळून डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतो, पण बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर नाही. मला हे कलम फार आवडतं, कारण ज्यानं कुणी ते लिहिलं त्याला घर म्हणजे काय असतं ते माहीत होतं. कुटुंबाला सामील करा असं म्हणताना आपण गृहीत धरतो, की कुटुंब बाळाच्या बाजूनं आहे म्हणजे आईच्याही बाजूनं असणार. नाही असत. एका घरानं बाळ ठेवून घेतलं आणि आईला एसटी स्टँडवर सोडलं. अशा घरी मी सासूची मायाबिया शोधत बसत नाही. तिथे आशाताई, बाधितांना मदत करणाऱ्या विहान कार्यक्रमाची कार्यकर्ती आणि आधीच बाळंत झालेली एखादी बाधित आई, एवढंच तिचं कुटुंब, आणि ते पुरेसं ठरलेलं मी पाहिलंय.

आता माहेराकडे वळते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की पोरगी निघाली. सरकारी भाषेत याचा अर्थ असा, की तिचं नाव एका जिल्ह्यात, गोळ्या दुसऱ्या केंद्रावर, बाळंतपण तिसऱ्या दवाखान्यात आणि बाळाची पहिली तपासणी होते तेव्हा ती माहेरी आहे की परत आली हे कुणालाच ठाऊक नाही. बाळ ज्या तीन-चार महिन्यांत सगळ्यात जास्त जपायचं, नेमके त्याच महिन्यांत आई आमच्या नोंदवहीतून गायब होते. आणि तरी मला माहेराची भीती वाटत नाही. कारण माहेरी बहुतेकदा कळलेलं असतं. नवऱ्याला सांगायच्या आधी तिनं आईला सांगितलेलं असतं. त्या आया पहिल्या दिवशी रडतात, जावयाला शिव्या देतात, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागतात. एका बाईच्या गोळ्या सासरच्या तालुक्यातून माहेरी पोचवायचं काम तिच्या भावानं केलं. एसटीनं जाताना एका पिशवीत बहिणीच्या सासरहून आलेले अळिवाचे लाडू, आणि लाडवांच्या डब्याच्या तळाशी उपचारांच्या नोंदीचं हिरवं पुस्तक आणि गोळ्यांची बाटली. सासूनं लाडू स्वतः वळले होते. आपण कशावर लाडू रचतोय ते तिला माहीत नव्हतं.

सासूला आपण फार सहज खलनायिका करतो. मालिकांनी ते केलं, आम्हीही करतो. पण बाळाच्या तोंडात काय जाईल ते ठरवणारी तीच आहे, मग तिच्याशी भांडून काय मिळणार?

गुटीचंच घ्या. सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड, बदाम, खारीक यांचे वेढे उगाळायचे आणि बाळाला चाटवायचं. त्याआधी, जन्मल्या जन्मल्या, मध. मधूनच उचकी लागली की चमचाभर पाणी. प्रेमाचा कारभार सगळा. आणि एचआयव्हीच्या बाबतीत हाच सगळ्यात वाईट. अंगावरच्या दुधातून विषाणू जाऊ शकतो हे खरं, पण फक्त अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाचं आतडं शाबूत राहतं. त्यात मध, गुटी, गाईचं दूध, पाणी मिसळायला लागलं की आतड्याच्या आतल्या नाजूक अस्तराला दाह होतो आणि विषाणूला वाट मिळते. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमधल्या संशोधकांनी 1999 साली दाखवून दिलं, की निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा दोन्ही मिळणाऱ्या बाळांना लागण जास्त होते. पुढे पुण्यात, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, युगांडा आणि इथिओपियाबरोबर एक अभ्यास झाला. अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे रोज नेविरापीन दिलं तर काय होतं, असा प्रश्न होता. 2008 साली निष्कर्ष आले. सहाव्या आठवड्याला लागण निम्म्याच्या आसपास आली होती. आज आम्ही बाळाला जे पातळ औषध देतो त्याच्या इतिहासात पुण्यातल्या त्या आयांचाही वाटा आहे. त्यांची नावं कुठेही नाहीत.

मधल्या काळात आमच्याकडे पावडरच्या दुधाचा सल्लाही दिला जायचा, ज्यांना परवडेल त्यांना. शास्त्रानं ते चूक नव्हतं. पण आमच्या गावात धडधाकट बाळंतीण बाळाला अंगावर पाजत नाही आणि फळीवर पावडरचा डबा आहे, म्हणजे दाराला पाटीच लावली. आता आई गोळ्या नीट घेत असेल तर अंगावरचंच पाजायला सांगतो, आणि सासवांना सांगायला मला आता खोटं बोलावं लागत नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, हा सल्ला जगातल्या सगळ्याच बाळांसाठी आहे. आजाराचं नावही न घेता तो देता येतो.

देता येतो, पण ऐकला जातो असं नाही. "आमची पाच पोरं गुटीवर वाढली की. काय वाईट झालं?" याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण वाढली खरी. मला एवढंच कळलं, की तिच्या हातातून सहाण काढून घेतली तर त्या हाताला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. म्हणून जिथे सुनेची तयारी असते तिथे औषध पाजायचं काम मी आजीला देते. वजन अडीच किलोच्या वर असेल तर रोज दीड मिली, ठरलेल्या वेळेला, तोंडातून बाहेर आलं तर काय करायचं, सगळं शिकवते. सिरिंजवरची रेघ नेलपॉलिशनं रंगवून देते. आज्या घड्याळासारखं पाजतात. आयांपेक्षा नेमानं. आयांच्या डोळ्यांवर झोप असते.

हे औषध कशाचं, ते त्यांना सांगितलेलं असतंच असं नाही. "बाळाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून" एवढंच. खोटं नाही, पुरं खरंही नाही. हे मला टोचतं का? टोचतं. एका सासूनं मात्र मला कायमचं सावध केलं. तिला अक्षरओळख नव्हती. सून वजनाला गेली होती, ही माझ्यासमोर बसलेली. टेबलावर सुनेचं हिरवं पुस्तक उपडं पडलं होतं. त्याच्याकडे बोट न दाखवता ती म्हणाली, "आमच्या मधल्याचं असलंच होतं पुस्तक." मग थांबून म्हणाली, "तुम्ही काय सांगू नका मला. तिचं तिला सांगू द्या. नाहीतर नको सांगू दे." मधला म्हणजे मधला मुलगा. गोळ्या सगळीकडे मिळायच्या आधीच्या किंवा नुकत्या मिळायला लागल्या तेव्हाच्या काळात गेला असणार. आपल्याकडे सरकारी फुकट उपचार सुरू झाले 1 एप्रिल 2004 ला, तेही आधी मुंबईच्या जे. जे. सारख्या मोजक्या ठिकाणी. आमच्या पट्ट्यातल्या साठीच्या पुढच्या कितीतरी बायकांनी त्या वर्षांत पोरगा, जावई, दीर असे अंथरुणावर जाताना बघितलेत, त्यांचे कपडे धुतलेत, त्यांना भरवलंय. हा आजार काय असतो ते या बायकांना आमच्या तक्त्यांपेक्षा जास्त कळतं. त्यांच्यापासून लपवताना आपण नक्की कुणाला फसवतोय, असा प्रश्न मला तेव्हापासून पडतो. ती सून आजही समजते, की सासूला माहीत नाही. सासू सकाळच्या भाकरी टाकता टाकता हाक मारते, "गोळी घेतली का गं ताकदीची?"

ऊसतोडीच्या टोळीतलं गणित आणखी वेगळं. दिवाळीच्या आसपास बीड, नगरच्या दुष्काळी भागातून माणसं कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, दोघांच्या नावावर घेतलेली असते. यातून एक उफराटी गोष्ट मला दिसली. अहवाल कळल्यावर तिला माहेरी हाकलून देणं नवऱ्याला परवडत नाही, कारण ती गेली तर त्याचा अर्धा कोयता होतो आणि उचल फिटत नाही. प्रेमानं नाही, तरी कर्जानं ती दोघं एका कोपीत राहतात, एकत्र दवाखान्यात येतात, हंगामाला पुरतील एवढ्या गोळ्या एकत्र मागतात. अशा सक्तीच्या सोबतीतून एकाला मी बाळाचं सगळं करताना पाहिलं. दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी तो खाडा घेऊन, फडातून थेट, काळवंडलेल्या हातांनी बाळ घेऊन आला होता. आम्ही बाळाच्या टाचेतून थेंब काढून जाड कागदावरच्या गोलांत टिपतो, तो कागद वाळवून प्रयोगशाळेत पाठवतो. बाळ किंचाळलं तशी त्यानं मान वळवली आणि मुकादमाला फोनवर खोटं सांगितलं, की पोराला जुलाब झालेत. बायको बाहेर बाकावर झोपली होती. पहाटे तीनपासून ती मोळ्या बांधत होती.

आणि आता एक नवीनच तऱ्हा आलीय, जी मी या कामात आले तेव्हा कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती. त्या काळात जी बाळं आमच्या हातून निसटली, म्हणजे जन्मतः बाधित झाली, त्यातली जगलेली आता पंचविशीला टेकलीत. काही आजी-आजोबांकडे वाढली, काही पंढरपूरच्या पालवीत, काही लातूरजवळच्या हासेगावच्या सेवालयात, अशा बाधित मुलांना सांभाळणाऱ्या ठिकाणी. त्यांची लग्नं होतायत. त्या मुली गरोदरपणात माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा मला काही शिकवावं लागत नाही. गोळ्यांची नावं त्यांना माझ्याआधी येतात, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, किती आला ते त्या तोंडपाठ सांगतात. चुकतं ते माझ्या नेहमीच्या प्रश्नाशी. घरात तुझ्या बाजूचं कोण, असं एकीला विचारलं तर ती हसली. म्हणाली, "ताई, माझ्याकडे लपवायला कुणीच नाही, आणि न्हाऊ घालायलाही कुणी नाही." सासू नाही, आई नाही. लपवायची कटकट नाही, पण सव्वा महिना शेक-शेगडी कोण करणार? नवरा कंपनीत कंत्राटी. आम्ही बाकीच्यांच्या घरात कुटुंब अंगावर येतं म्हणून त्रासतो, आणि इथे रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाला पाच मिनिटं धरायला माणूस नाही, या कारणानं आईची गोळी चुकू शकते. तिच्यासाठी शेवटी मला भेटलेल्या त्याच सासवांतल्या एकीला विचारलं. ती येते. मजुरी घेते, रीतसर. दुपारचा चहा घेताना सुनेची तक्रार करते.

दीड वर्षाच्या शेवटच्या तपासणीचं राहिलं. खरं तर दीड महिन्याचा अहवाल चांगला आला की निम्मी घरं सैलावतात. दीड वर्षाचा चांगला आला की पेढे येतात, आणि त्याच पेढ्यांबरोबर हमखास एक वाक्य येतं: पोरगं सुटलं, आता हिला कशाला गोळ्या? ज्या घरानं दीड वर्ष बाळाच्या औषधाची एक वेळ चुकवली नाही, तेच घर हे विचारतं. त्यात दुष्टावा नसतो. त्यांच्या लेखी काम बाळाचं होतं, ते झालं. ती मध्येच गोळ्या सोडते, विषाणू वाढतो, पुढच्या खेपेला पुन्हा दिवस जातात तेव्हा आम्ही पहिल्यापेक्षा मागे असतो. आणि दुसरं मूल नाही झालं तरी ती आहेच की.

म्हणून शेवटच्या अहवालाच्या दिवशी मी आधी तिची बाटली बघते, तिच्यासमोर, नवऱ्यासमोर, सासूला ठाऊक असेल तर तिच्यासमोरही. किती उरल्या, किती चुकल्या, पुढची व्हायरल लोडची तारीख कुठली, ते घरच्यांकडून वदवून घेते. त्यानंतर बाळाचा कागद. यावर कुरकुर होते. परवा एक सासू वैतागून म्हणाली, "पोराचं काय आलंय ते सांगा की आधी, सारखं हिच्या गोळ्या, हिच्या गोळ्या." मी म्हटलं, आजी, तारीख सांगा. तिनं नातवाला मांडीवर सारखं केलं, सुनेकडे बघितलं, आणि सांगितली. एक दिवस चुकली होती. सुनेनं दुरुस्त केली.